वंडरफुल टाइम

केदारखेड्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून, जिथं माझ्या लहानपणी ज्वारी उभी असायची, तिथं आता एक लॉन्स झालं आहे. प्लास्टिकचं हिरवं गवत, थर्माकोलचे खांब, कारंज्यात निळा दिवा. परवा तिथं माझ्या काकूची एकसष्टी झाली.

मी जालन्याहून सकाळच्या एसटीनं गेले. कमानीखालून आत पाऊल टाकलं आणि नाकावर हात धरला. कुणीतरी यंत्रानं गुलाबाच्या वासाचा धूर सोडत होतं. त्यात पनीरच्या तेलाचा वास, जनरेटरच्या डिझेलचा वास आणि उन्हात तापलेल्या त्या खोट्या गवताचा वास मिसळला होता. स्टेजवर भला मोठा पडदा, त्यावर सोनेरी अक्षरं फिरत होती. गोल्डन मोमेंट्स. ब्यूटिफुल डेज. मेमरीज फॉरएव्हर.

काकूचा मुलगा प्रसाद पुण्याहून चार दिवस आधी येऊन हे सगळं उभं करून बसला होता. मला बघताच धावत आला. "ताई, आलीस! एन्जॉय हां आज. फुल एन्जॉय."

नुसतं एन्जॉय. मी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवते, आणि बत्तीस वर्षं हा शब्द असा लंगडा ऐकला की माझ्या दातांखाली खडा येतो. कारण हा शब्द मला ज्या बाईनं शिकवला, ती तो असा कधी सोडायची नाही. ती म्हणायची, "एन्जॉय म्हणलं की पुढं सांगावं लागतं, कशाचा ते. नुसतं एन्जॉय म्हणजे हवेत हात हलवणं."

ती बाई म्हणजे माझी काकू. पडद्यासमोरच्या सोफ्यावर, गळ्यात मोगऱ्याचा जाड हार घालून, घाम पुसत बसलेली.

*

काकू आमच्या घरात आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तिचं माहेर जाफराबाद. बारावी होऊन मास्तरकीचं ट्रेनिंगही केलेली. आमच्या घरात तोवर बायकांमध्ये सही करता येणारी कुणी नव्हती. लग्नात तिच्या सामानात भांड्यांबरोबर पुस्तकांची एक पत्र्याची पेटी आली, तेव्हा गावातल्या बाया तिच्याभोवती जमल्या होत्या आणि एकीनं विचारलं होतं, "यात काय रांधायचं हाय का?"

कापसाच्या दिवसांत आमच्या घराची पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरायची. दुपारी बाया वेचणीला, पुरुष रानात. मग मी आणि काकू त्या ढिगावर चढून बसायचो. कापसाचा वास सांगता येणं अवघड आहे. थोडा धुळीचा, थोडा सरकीच्या तेलाचा, आणि थोडा उन्हात वाळलेल्या कपड्यांसारखा. अंगाला खाज सुटायची, नाकात तंतू जायचे, लाल किडे मानेवरून चालायचे. खाली गोठ्यात म्हशीच्या साखळीचा आवाज. आणि काकू खताच्या कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलनं लिहून मला वाक्यं द्यायची.

वी हॅड अ वंडरफुल टाइम. इट वॉज अ लव्हली इव्हनिंग. वी एन्जॉइड अवरसेल्व्ज. द डेज पास्ड सो क्विकली.

मी विचारलं होतं, "काकू, सगळी वाक्यं चांगल्या दिवसांचीच का?"

ती हसली. "वाईट दिवसांना इंग्रजी कशाला पाह्यजे? ते आपलं आपल्याला बराबर समजतं."

ती वाक्यं मी घोकत फिरायचे. विहिरीवर, बांधावर, पूर्णेच्या वाळूत. आमच्या गावात लव्हली इव्हनिंग कधी असते ते मला कळत नव्हतं. संध्याकाळी गावावर चुलींचा धूर बसायचा, गुरं परत यायची, शेणाचा गरम वास सुटायचा. पण मी त्या संध्याकाळला लव्हली म्हणायचे आणि ती खरंच वेगळी दिसायची. हे मी नाकारत नाही. त्या शब्दांनी मला काहीतरी दिलं होतं. म्हणूनच तर आता त्यांची एवढी शिसारी येते.

काकू भावाला इंग्रजीत पत्रं लिहायची. जाफराबादला तिचे थोरले भाऊ होते, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. निळं आंतर्देशीय पत्र. लिहून झालं की ती ते दुमडून माझ्याकडं द्यायची. "चिकटव, माय." कडेचा डिंक मी जिभेनं ओला करायचे. गोडसर, कडवट, खळीसारखी चव. मग ते पत्र घेऊन मी ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या लाल पेटीत टाकायला पळायचे. घरात त्या पत्रांबद्दल कुणी विचारत नव्हतं. इंग्रजी म्हणजे सगळ्यांना दारावरच्या कुलपासारखं. त्याची किल्ली घरात दोघींकडंच होती.

*

ते पत्रही असंच दुपारी लिहिलं गेलं. त्या दिवशी काकू हसत नव्हती. चिकटवायला दिलं तेव्हा म्हणाली, "आजच टाक. जल्दी जा."

वाटेत मारुतीच्या पारावर अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, घरातले थोरले. बरोबर गावातले चार-सहा जण. मला पळताना पाहून त्यांनी हाक मारली.

"कुठं चालली गं?"

"पत्र टाकायला. काकूनं मामाला लिहिलंय. इंग्रजीत."

"इंग्रजीत," पारावरचं कुणीतरी म्हणालं आणि बाकीचे हसले. "अण्णा, तुमच्या घरात आता सायेब लोक झाले म्हना."

अण्णाही हसले. पण मला ते हसणं आवडलं नाही. मी म्हणाले, "मलापण येतं."

"काय येतं?"

"इंग्रजी वाचता."

"वाच बरं मंग."

डिंक अजून ओलाच होता. मी नखानं कड उचलली आणि पत्र उघडलं.

मला कळलं नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. लहान होते, नुसतं वाचून दाखवलं. हे खोटं आहे. मी एकेक वाक्य इंग्रजीत वाचत होते आणि लगेच मराठीत सांगत होते, कारण नुसतं इंग्रजी वाचून पारावर कुणाला काय समजणार? मला सगळ्यांना कळायला हवं होतं की मला कळतंय.

"मंगळवारी जालन्याला मुलाखत आहे," मी मोठ्यानं सांगितलं. "तू सोमवारी ये. घरी मी काही विचारलेलं नाही. तू सांग की आई आजारी आहे. म्हणजे आई आजारी नाहीये, पण आजारी आहे असं सांग, असं काकू म्हणते."

हे शेवटचं मी खुलासा करून सांगितलं. कुणाचा गैरसमज व्हायला नको म्हणून.

लिंबाच्या शेंड्यावर एक पोपट कर्कश ओरडत होता. अण्णांनी हात पुढं केला, पत्र घेतलं, घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवलं.

"शाबास," ते म्हणाले. माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. त्यांचा हात जड होता, तंबाखूचा वास असलेला. "हुशार झाली माझी पोरगी. जा, खेळ तू. पत्र मी टाकतो."

मी खेळायला गेले. आजही त्या शाबासकीची ऊब मला टाळूवर जाणवते आणि मला ती खरवडून काढावीशी वाटते.

*

सोमवारी संध्याकाळी काकू ओट्यावर उभी होती. तिचं कपड्यांचं बोचकं आतल्या खोलीत कोनाड्याखाली तयार होतं. त्यात मधोमध टॉवेलात गुंडाळलेली सर्टिफिकेटं होती. ते मी पाहिलं होतं. जाफराबादहून येणारी गाडी आमच्या फाट्यावर दिवस मावळायच्या सुमारास थांबायची. ओट्यावरून फाटा दिसत नसे, पण गाडीचा आवाज यायचा, मग धूळ दिसायची, मग माणसं.

गाडी आली. धूळ उठली. काकूनं पदर सारखा केला. फाट्याकडून दोन माणसं चालत आली, एक गावचा शिंपी आणि एक कुणीतरी पाहुणा. आमच्या दारावरून पुढं गेली.

काकू तिथंच उभी राहिली. मी तिच्या शेजारी उभी होते. तिनं मला विचारलं, "पत्र टाकलं होतंस ना, माय?"

"हो," मी म्हणाले.

एवढंच. त्या वयात मला इंग्रजीची पन्नास वाक्यं येत होती आणि मराठीचं एक अक्षर खरं निघालं नाही. काकू आत गेली आणि तिनं चूल पेटवली. काटक्या ओल्या होत्या, धूर झाला, ती डोळे पुसत फुंकत राहिली.

मामा का आले नाहीत, हे मला नंतर कळलं. ते पंचमीला येऊन सांगून गेले होते, घरी विचारून मला कळव, तू लिहिलंस की मी येतो. पत्रच आलं नाही, म्हणून त्यांनी धरलं की बहिणीनं बेत सोडला.

जेवताना अण्णा म्हणाले, "उद्या अंगारकी हाय. सगळ्यांनी राजूरला जायचं. गणपती नवसाचा हाय, घरात नवी सून आल्यापासून न्हाई गेलो आपण." आणि काकूकडं न बघता म्हणाले, "आपल्या घरातल्या बाया देवाला जातात. बाकी कुठं जात न्हाईत."

काका ताटात खाली बघत भाकरी मोडत राहिले. भाकरीचा पापुद्रा मोडल्याचा आवाज सुद्धा मला आठवतो.

*

आणि आता जे सांगायचं आहे ते सगळ्यात वाईट आहे. राजूरचा तो दिवस माझ्या लहानपणातला सगळ्यात सुंदर दिवस होता.

पहाटे उठून सगळ्यांनी अंघोळी केल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या अंथरल्या. रस्त्यानं दोन्हीकडं तुरी फुलल्या होत्या, पिवळ्याधमक. आम्ही पोरं ट्रॉलीच्या कडेला धरून उभी राहिलो आणि वारा तोंडात भरून घेत ओरडलो. राजूरला गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नाही. दुर्वांचा ओला हिरवा वास, नारळ फुटल्याचे आवाज, गरम जिलेबी, शेवचिवडा, बांगड्यांची दुकानं. अण्णांनी स्वतः शेजारी उभं राहून मला हिरव्या बांगड्या भरायला लावल्या. मला खांद्यावर घेऊन त्यांनी कळस दाखवला. अकरा वर्षांच्या मुलीला कुणी खांद्यावर घेतं का? त्यांनी घेतलं. मी त्यांची हुशार पोरगी होते.

मंदिराखाली फोटोवाल्यानं कापडी पडदा लावला होता. त्यावर तळं आणि कमळं रंगवलेली. अण्णा म्हणाले, फोटो काढू. आम्ही सगळे उभे राहिलो. पुढं पोरं, मागं मोठी माणसं, अगदी कडेला काकू.

पलीकडं रस्त्यावर एसटी उभी होती. जालन्याकडं जाणारी. कंडक्टर दारात लोंबकळत ओरडत होता, "जालना, जालना, चला जालना!" तिथून जालना तासाभराच्या आतल्या अंतरावर. गाडीत जागा होती. इंजिन चालू होतं.

"बाई, इकडं बघा," फोटोवाला म्हणाला. "कडेच्या बाई. इकडं."

काकूनं मान वळवली नाही. फोटो निघाला तसाच. मग घंटी दोनदा वाजली आणि गाडी निघून गेली.

मी तेव्हा जिलेबी खात होते. पाक माझ्या कोपरापर्यंत ओघळला होता आणि मी तो चाटत होते.

*

त्या आठवड्यात शाळेत इंग्रजीच्या सरांनी निबंध दिला. अविस्मरणीय दिवस. मी राजूरवर लिहिला आणि घरी आणून काकूला दाखवला. हो, तिलाच. दुसऱ्या कुणाला दाखवणार होते?

कापसाच्या ढिगावर बसून तिनं तो वाचला. सावकाश, पेन्सिल हातात घेऊन. मी लिहिलं होतं, वी एन्जॉइड व्हेरी मच. तिनं त्यावर रेघ मारली. थोडा वेळ थांबली. मग वर स्वच्छ अक्षरांत लिहिलं, वी हॅड अ वंडरफुल टाइम.

"हे जास्त बरं दिसतं," ती म्हणाली.

निबंधाला तालुक्यात बक्षीस मिळालं. शब्दकोश मिळाला, जाडजूड. अण्णांनी तो बैठकीत देवाच्या फोटोखाली ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवला. पुढं मी शिकले, इंग्रजीची शिक्षिका झाले. ज्या खात्याची मुलाखत काकूनं द्यायची होती, त्याच खात्यात मी नोकरी केली. घरातल्या बाया बाहेर जात नाहीत हा नियम माझ्या वेळेपर्यंत कुठं गेला होता, कुणास ठाऊक. अण्णा मला पहिल्या दिवशी शाळेच्या दारापर्यंत सोडायला आले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते वाईट माणूस नव्हते, असं त्यांच्या तेराव्याला सगळे म्हणाले. मीही म्हणाले. म्हणताना तोंडात डिंकाची चव आली होती.

काकू मात्र राजूरच्या त्या दिवसानंतर भावाला मराठीत पत्रं लिहू लागली. उघडी पोस्टकार्डं. मला शिकवणं तिनं थांबवलं नाही.

*

परवा स्टेजवर निवेदन करायला एक मुलगी आणली होती. तिच्या गालांवर चमकी होती आणि तिचा आवाज साखरेत बुडवून काढल्यासारखा. ती पडद्यावर एकेक फोटो दाखवत होती. काकू लग्नात. काकू प्रसादला घेऊन. प्रत्येक फोटोला ती म्हणायची, "व्हॉट अ लव्हली मोमेंट!" आणि लोक टाळ्या वाजवायचे.

मग राजूरचा फोटो आला.

एवढा मोठा मी तो कधी पाहिला नव्हता. तळं, कमळं, अण्णांची मिशी, माझ्या हातात जिलेबी. आणि कडेला काकू, मान वळवलेली, फोटोच्या बाहेर कुठंतरी बघणारी. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, गुड ओल्ड डेज. सोबत एक लाल बदाम धडधडत होता.

"आणि या गोल्डन डेजबद्दल आपल्याला सांगणार आहेत आपल्या इंग्लिश टीचर ताई! फोटोतली ही क्यूट जिलेबीवाली!"

प्रसादनं मला हाताला धरून वर नेलं. माइक हातात दिला. "ताई, इंग्लिशमध्ये दोन लाइनी टाक. मस्त."

मी तोंड उघडलं आणि मला खरंच उलटी येईल असं वाटलं. मी माइक त्या मुलीच्या हातात कोंबला आणि मंडपामागं हात धुवायच्या नळांकडं गेले. तिथं आधीच जेवून गेलेल्या मंडपवाल्यांची भाताची शितं, पान थुंकलेलं, ओलं लिंबू, पत्रावळींचा आंबूस वास. मी कठड्याला धरून ओकले. पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

पाठीवर हात आला. काकू होती. हार काढून तिनं हातात धरला होता.

"पित्त झालं का? गूळ आणू?"

"काकू," मी म्हणाले, "ते पत्र मी टाकलं नव्हतं. मी पारावर वाचून दाखवलं होतं. अण्णांना."

बावन्नाव्या वर्षी, नळासमोर, तोंडाला लाळ लागलेली असताना मी हे बोलले.

काकूनं नळ सोडला. "तोंड धू."

मी तोंड धुतलं.

"मला म्हाईत होतं," ती म्हणाली. "राजूरहून आल्यावर दोन दिवसांनी पारावरच्या एकाच्या बायकोनं विहिरीवर सांगितलं. तुमची पुतणी लई चांगलं वाचती म्हणे."

"म्हणजे निबंध दाखवला तेव्हा..."

"तेव्हा म्हाईतच होतं."

"मग तू तो दुरुस्त का केलास? फाडून का नाही टाकलास?"

काकूनं थोडा विचार केला. खोटं बोलायची तिला कधी घाई नसते. "चुकीचं इंग्रजी बघवत नव्हतं मला," ती म्हणाली. "आणि म्हणलं, एक तरी शिकून राह्यली. तिचं कशाला बिघडवू?"

मी रडायला लागले. ती बघत राहिली. तिनं मला जवळ घेतलं नाही.

"मला माफ कर, काकू."

"न्हाई," ती म्हणाली. रागानं नाही. भाजीत मीठ घातलंय का विचारल्यावर सांगावं तसं. "माया केली तुझ्यावर, ती केली. खरी केली. पण माफ बिफ मी कुणाला केलं न्हाई. तुझ्या अण्णाला न्हाई, तुझ्या काकाला न्हाई. तुला पण न्हाई. कशाला करू? माझी ती गाडी काय परत येणार हाय का?"

पलीकडं पुन्हा टाळ्या वाजल्या. तिनं हार तिथंच कठड्यावर ठेवला आणि मंडपाकडं चालू लागली. मी तिच्या मागं गेले.

ती सरळ स्टेजवर चढली. राजूरचा फोटो अजून पडद्यावर होता. तिनं माइक मागून घेतला.

"प्रसाद, हा फोटो काढ," ती म्हणाली. "मला त्या दिवशी राजूरला जायचं नव्हतं."

मग ती चमकीवाली मुलगी टाळ्या वाजवत ओरडली, "सो स्वीट! किती क्यूट आहेत ना आपल्या आई!" आणि सगळा मंडप हसला. टाळ्या पडल्या. काकू तिथं माइक धरून उभी होती आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत उच्चारलेलं ते वाक्य लोकांनी जिलेबीसारखं तोंडात टाकून गिळून टाकलं होतं.

मला त्या टाळ्यांची जेवढी किळस आली तेवढी कशाचीच आली नव्हती. बहुधा त्या बळावरच मी वर गेले. काकूच्या हातातून माइक घेतला आणि सांगितलं. मराठीत. पार, पत्र, आई आजारी नाहीये पण आजारी आहे असं सांग. बंडीचा खिसा. बोचक्यातली सर्टिफिकेटं. जालन्याची गाडी. निबंधातली रेघ. एकही शब्द सुंदर केला नाही. माझा आवाज चिरका येत होता आणि माइक शिट्टी मारत होता.

हसू विरत गेलं. पुढच्या रांगेतली भावकी खाली बघू लागली. काका, आता थकलेले, कानामागं हात धरून शेजारच्याला विचारत होते, "काय म्हणून राह्यली?" कुणी त्यांना सांगेना. प्रसाद स्टेजच्या पायरीवर येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, बास. आज नको. आईचा दिवस आहे." त्याचं तोंड उतरलं होतं. त्यानं इतके कष्ट घेतले होते.

कुणीतरी पडदा बंद केला. कुणीतरी जेवणाची घोषणा केली. खुर्च्या सरकल्या, माणसं घाईघाईनं ताटांकडं वळली. जाताना एक चुलत आत्या मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मेलेल्या बापाची अब्रू काढली पोरीनं."

मी आणि काकू स्टेजच्या कडेला बसून राहिलो. तिनं चपला काढल्या. पाय सुजले होते.

प्रसादची मुलगी ओवी, नऊ वर्षांची, आइस्क्रीमचा कप घेऊन आमच्यासमोर येऊन उभी राहिली. तेवढीच एक जेवायला गेली नव्हती.

"आजी, मुलाखत कशाची होती?"

"मास्तरणीची."

"मग तुला काय विचारणार होते?"

काकूनं तिच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता ती पोरीला जेवायला पाठवेल. पण तिनं पदर खांद्यावर नीट केला, पाय जुळवून जमिनीवर टेकवले आणि पाठ ताठ केली.

"पहिले नाव विचारतात," ती म्हणाली.

"मग सांग ना."

काकूनं एकदा घसा साफ केला. मग तिनं आपलं नाव सांगितलं, लग्नाआधीचं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. माझ्या बावन्न वर्षांत ते मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. प्रसादनंही ऐकलं नसावं, कारण तो ताट हातात घेऊन चालता चालता थबकला.

"पुढं?" ओवीनं विचारलं आणि खुर्ची ओढून समोर बसली.